दोरीजवळची बाई

इचोड्याच्या माळावर लेकीचा रग्बीचा सामना असला की आमच्यात आणि पोरींत फक्त एक दोरी असायची. तिथं एक बाई ज्वारीवरची पाखरं हाकलताना देतात तशी लांब आरोळी द्यायची. ती ऐकून तिची पोरगी सुसाट सुटायची. मला नियम कळत नाहीत. मी आरोळीवर टाळ्या वाजवायचो.

फायनल मात्र आदिलाबादच्या स्टेडियमवर झाली. सावली होती, खुर्च्या होत्या, पण पोरी बोटाएवढ्या दिसत होत्या. बाईनं आरोळी दिली. पोरीला पत्ताच नाही.

"भाऊ, इथं खुर्चीत बुडाले आराम हाय, पण माहा आवाज नाही पोचून राह्यला," म्हणत ती उन्हात मैदानाच्या जाळीपाशी गेली आणि पुन्हा ओरडली. पोरीनं मान वळवली.

मीही खुर्ची सोडली. टाळ्या कधी वाजवायच्या, ते मला दुसरं कोण सांगणार!