धुराला बंदी

“धूर निघतो ते घर नव्हे, खुराडं,” असं उमेश ऊठसूट म्हणायचा. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या आमच्या पाड्यावर बाकी सगळ्यांच्या कौलांतून धूर निघतो. म्हणजे हा टोला आम्हा सगळ्यांनाच होता.

हे शहाणपण त्याने वाणगावहून आणलं. तिथे भाड्याच्या एका खोलीत तो काही वर्षं राहिला. शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी उंबऱ्याला लागायचं, दिवसाही दिवा लावावा लागायचा. पण भिंत सिमेंटची होती. तेवढ्यावर माणूस मोठा झाला. बापाने कारवीच्या काठ्या विणून, शेणमातीने लिंपून उभं केलेलं कुडाचं घर त्याने परत आल्यावर पाडलं आणि तसलीच खोली इथे बांधली, फक्त मोठी, वर स्लॅब. काचेच्या खिडक्या धुळीच्या भीतीने कायम बंद. उन्हाळ्यात आत माणूस भाजून निघायचा, म्हणून हे घरधनी अंगणात खाट टाकायचे. शेजारचे हाल्याकाका एकदा म्हणाले, “राखणीला बाहेर निजतोस काय रे? आत चोरायला वारासुद्धा नाही.”

त्याची आई बायजी. भिंती काळ्या होतात म्हणून तिची चूल त्याने मागे ताडपत्रीखाली हाकलली. बायजीकडे तांबड्या भाताचं बी होतं, सासूपासून दरवर्षी पेरून राखलेलं. असं बी पेंढ्याच्या मुड्यात बांधून चुलीवर टांगायचं. धुराने कीड लागत नाही, ओल धरत नाही, हे आमची पोरंही जाणतात. यंदा उमेशने ते प्लास्टिकच्या पिंपात ओतलं, झाकण आवळलं आणि पिंप त्या तापणाऱ्या खोलीत ठेवलं.

पेरणी जवळ आली तशी बायजीने मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून पाहिलं. एकालाही मोड आला नाही. पिंपात हात घातला तर कुबट वास आणि पोखरलेले दाणे.

ती रडली नाही. म्हणाली, हाल्याला आपणच कधीतरी हे बी दिलं होतं, त्याच्या चुलीवर मुडा टांगलेला आहे, मागून आणते.

“आये, त्या धुरकट घरातलं बी माझ्या शेतात पडायचं नाही,” उमेश म्हणाला. “चारोटीच्या दुकानात पिशवीबंद मिळतं.”

“पिशवीतलं मिळेल. माझं कुठल्या दुकानात मिळतं?”

तो चपला शोधू लागला. मग इस्त्रीचा शर्ट घालून, नाकाला रुमाल लावून, एकेका घराचा धूर ओलांडत टेम्पोच्या रस्त्याला लागला. बायजी दारातून बघत होती. तिचं बोलणं ऐकून हाल्याकाका मुडा उतरवून ओट्यावर घेऊन बसले होते. त्यांनीही त्याला जाताना पाहिलं. हाक मात्र मारली नाही.