मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

सुई टोचताना आई डोळे गच्च मिटते. लहानपणापासूनची खोडच आहे ती.

कोरोना लसीच्या केंद्रावर त्या दिवशी एक परदेशी पत्रकार आला होता. मला इंग्रजी येतं म्हणून मी त्याच्याशी बोलले. आई निवृत्त शिक्षिका, ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत घरोघर जाऊन लोकांना लसीसाठी तयार करते, हे सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली, आईचा फोटो काढला, त्याचं कार्ड देऊन माझा नंबर घेतला.

आणि छापलं काय? आईचे मिटलेले डोळे, खाली ओळ: 'देशी लसीची धास्ती'. घरोघर फिरल्याचं एक अक्षर नाही. त्याच पानावर त्यांच्याकडची म्हातारी त्यांचीच लस घेताना कशी हसतेय! मेल्यानं हसू तिच्यासाठी राखून ठेवलं होतं.

आईच्या अमेरिकेतल्या भाच्यानं 'मावशी पेपरात!' म्हणून तो फोटो मोठ्या कौतुकानं पाठवला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाला. समोरच्या भाभी दुसऱ्या दिवशी आईबरोबर जाणार होत्या. दारातूनच म्हणाल्या, "दीदी, आप ही इतना डर रही हैं, तो हम क्यों लगवाएँ?" आईनं परोपरीनं समजावलं. नाही आल्या. पुढच्या लाटेत गेल्या.

लस घेतली असती तर वाचल्याच असत्या, असं मी म्हणत नाही. पण ती संधी त्यांच्या हातून या माणसानं एका ओळीत काढून घेतली. "माझं कोण ऐकणार आता," म्हणत आईनं लोकांकडे जाणं सोडलं. समोरच्या घरी तर नाहीच. मी त्याला किती मेल केले! उत्तर नाही. म्हटलं, ये बाबा कधीतरी परत.

गेल्या वर्षी आला. किल्ल्याबद्दल लिहायला आला होता आणि दाल बाज़ारात त्याला कुत्रं चावलं. ग्वाल्हेरात ओळखीचा नंबर माझाच. "थांब हं, आलेच," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात मी नवऱ्याशीही बोलत नाही.

दवाखान्यात नर्सनं रेबीजची लस भरली. तो पांढराफटक पडला. "ही इथलीच बनलेली आहे का?"

"हो, देशीच."

त्यानं दंड पुढे केला आणि डोळे गच्च मिटले. माझा मोबाइल तयारच होता.

"प्लीज, हा कुठे टाकू नकोस," तो म्हणाला.

"माझ्या आईला विचारलं होतंस?"

घरी येऊन फोटो आईला दाखवला. वाटलं, रागावेल. तिनं मोबाइल हातातून घेतला, तशीच उठली आणि समोरच्या दाराची कडी वाजवली.

"भाईसाहब, देखिए. सुई लगते वक़्त ये भी आँखें बंद करता है."

भाभींच्या नवऱ्यानं फोटो बराच वेळ पाहिला. "उसे दिखाना था, दीदी," भिंतीवरच्या भाभींच्या तसबिरीकडे बघत ते म्हणाले.

मी मोबाइल परत घेतला. फोटोखाली त्याचीच ओळ जशीच्या तशी टाकली, आणि त्याच्या पेपराला पाठवून दिला.