धण्याएवढा मान्ना

काल बदलापूरच्या घरी धणे भाजताना त्या वासाने मला अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या जुन्या खोलीत नेलं. मी दहा वर्षांची होते. पप्पांची कंपनी बंद पडली होती आणि ते सकाळच्या प्रार्थनेला बसेनासे झाले होते. आई मात्र रोज पवित्र शास्त्र वाचायची, एकच उतारा तीनदा, सावकाश. त्या दिवशी अरण्यातल्या इस्राएल लोकांना आकाशातून मिळणाऱ्या अन्नाची, मान्नाची गोष्ट होती. तो धण्याएवढा होता, हे ऐकून मी विचारलं, "म्हणजे केवढा गं?" आईने चार धणे माझ्या तळहातावर ठेवले.

इतक्यात दारातून पप्पांनी विचारलं, "आणि उद्यासाठी ठेवला तर?"

"किडे पडायचे. रोजचा रोज गोळा करायचा."

"मग उद्या मिळेल, हे त्यांना कसं कळायचं?"

"कळत नसेलच," आई म्हणाली. "परत वाचू या?"

पप्पा चटईवर येऊन बसले. तिसऱ्यांदा त्यांनीच वाचलं.

तेव्हा मला वाटलं, त्यांनाही माझ्यासारखंच गोष्टीचं कुतूहल आहे. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाल्यावर वाटतं, ते आमच्याच घराबद्दल विचारत होते, आणि आईला ते कळलं होतं.