सोमीबाईचा चिमूटभर डिंक

धावड्याच्या झाडाचा डिंक काढताना सोमीबाई एक खडा झाडालाच ठेवून यायची. "सप्पाच नेलं त झाड रुसते," म्हणायची. आलापल्लीजवळच्या एका खेड्यात मी आरोग्यसेविका, ती माझी शेजारीण. अंगाने काडी, जिभेने मात्र कोयता. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली.

ती होती तेव्हाच माझ्या बाबांचं मांडीचं हाड मोडलं आणि ते खाटेला खिळले. पोट साफ होईना. गोळी दिली की तेवढ्यापुरतं. संडासाच्या धास्तीने त्यांनी जेवणच सोडलं. गावभर सल्ले देत हिंडणारी मी, आणि माझाच बाप डोळ्यांदेखत वाळत होता. भरलेलं ताट परत नेताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सोमीबाईने डिंकाची पूड आणून दिली. "चिमूटभर भिजव, आंबिलीत दे, अन् वरून पानी पाज." डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, द्या, हरकत नाही. आमच्या प्रशिक्षणातही सांगितलं होतं, की असे तंतुमय पदार्थ आपल्याला पचत नाहीत, पण आतड्यातले चांगले जंतू त्यांच्यावरच पोसतात. एवढं माहीत असूनही मी शहाणीने पहिल्याच दिवशी दोन चमचे घातले. बाबांचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं.

सोमीबाईने मला भर अंगणात फैलावर घेतलं. "उपाशी मानसाले एकदम पंगतीले बसवते का कोनी? पोटातल्या जंतूईलेबी सवय लागू दे ना!"

मी मुकाट्याने चिमटीवर आले. तरी ती रोज सकाळी येऊन माझी चिमूट तपासायची. विश्वास म्हणून नाहीच! बाबांना सांगायची, "भाऊ, घाई नोका करू. डिंक झाडातून हळूच येते, पोटातबी हळूच काम करते." बाबा तोंड वाकडं करून पीत.

दहा-बारा दिवसांनी पोट मोकळं होऊ लागलं. मग एका दुपारी खाटेवरून हाक आली, "पोरी, भात हाये का अजून?"

दीड महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी काही मागितलं होतं. मी पातेल्याजवळ गेले आणि तिथेच हुंदके देत बसले. दारात बसलेली सोमीबाई उठून आत आली. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवेल. तिने माझ्या हातात भातवाढी कोंबली.

"रडून काऊन राह्यली बाई? बुढा भुकेला हाये. वाढ ना!"