दादाची बोट आणि डिंगोऱ्यातली विहीर

माणूस गेला की त्याचे किस्से वाढतात. दादा गेल्यापासून डिंगोऱ्यात आमच्या ओट्यावर त्याचा मित्र शिवा वायरमन येऊन बसला, की चहा निवायच्या आत एखादा नवा निघतोच!

दादा नौदलात पाणबुडीवर इलेक्ट्रिशियन होता. आईला मात्र ‘जहाज’ एवढंच सांगितलेलं. तिचा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला होता. ही बोट मुद्दाम पाण्याखाली जाते हे कळलं, तर ती आपल्याला परत जाऊ देणार नाही, याची दादाला खात्री होती. नव्वद साली पाणबुडीवर गेल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत त्यानं मला आणि शिवाला दम दिला, “आईपुढं पाणबुडीचं नाव काढाल तर बघा!”

*

शिवाला राहवायचं नाही. आई गोठ्याकडे गेली की सुरू.

“पाण्याखाली इंजिनाला हवा कुठनं रं?”

“खाली इंजिन बंद. सगळं बॅटरीवर. ती उतरली की वर यायचं, नळी पाण्याबाहेर काढून हवा घ्यायची आन् डिझेलवर चार्ज करायची.”

“आन् वर येता न्हाई आलं तर?”

“पंखे बंद, दिवे कमी, गप पडून राहायचं.”

“म्हंजी लोडशेडिंगच की राव! मग आख्खा जुन्नर तालुका पाणबुडीत हाय!”

*

बोटीत गोडं पाणी मोजकं, त्यामुळे धुणं जवळजवळ नाहीच. दादा यायचा तो डिझेलचा वास घेऊन. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, “पावणं, ट्रॅक्टर कंचा?”

दादा म्हणाला, “लई मोठा हाय. वळवायलाच दहा माणसं लागत्यात!”

*

एकदा विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला. शेजारचे तात्या ओरडले, “बोलवा त्या नेव्हीवाल्याला!”

दादा काठावर आला, खाली पाहिलं आणि म्हणाला, “तात्या, मला पोहता येतं. बुडी न्हाई जमत.”

“मग नेव्हीत करतो काय तू?”

“पाणी आत येऊ देत न्हाई!”

सगळे हसले. मागे आई उभी होती. दादा चपापला. शिवा घाईनं म्हणाला, “जहाज जुनं हाय मावशी, गळतं जरा!” आणि स्वतःच विहिरीत उतरला.

*

आईची एक खोड होती. हौदात हंडा बुडवून ती भरायचीच नाही. तांब्यानं भरत बसायची. दादा नोकरीला लागल्यापासूनचं हे.

“मावशी, अशानं सांज व्हईल!” शिवा चिडवायचा.

“व्हऊ दे. कंबर वाकत न्हाई माझी.”

कंबर वाकवून ती दिवसभर कांदा काढायची, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

*

पुढे दादाची बोट म्हातारी झाली आणि नौदलानं तिला निवृत्त केलं. त्याच सुमारास दादाही नोकरी संपवून कायमचा घरी आला. झेंडा उतरवताना जुने खलाशी कसे रडले, ते ओट्यावर बसून आम्हाला सांगत होता. आई कधी दारात येऊन उभी राहिली, कळलं नाही.

दादा सावरून म्हणाला, “आई, आमचं जहाज मोडीत निघालं.”

“आता परत न्हाई ना जायाचं त्ये?”

“कुठं?”

“खाली.”

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी ‘मी नाही सांगितलं’ अशी मान हलवली. शिवानं दोन्ही कानांना हात लावले.

आईनं हंडा उचलला, हौदाशी गेली आणि दोन्ही हातांनी दाबून तो तळापर्यंत बुडवला.