नावं काढलीत ना!

आमच्या विद्यापीठात तिला सगळे कुलूपबाई म्हणतात. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, मोबाईलमध्ये धड एक ॲप नाही, आणि पाणी प्यायला उठली तरी आधी स्क्रीन बंद. संगणकात ठेवलेली लोकांची माहिती कशी फुटते, यावर तिचं संशोधन. मी गणित शिकवते. आमची दोघींची खोली एकच, त्यामुळे मीही तिला भरपूर छळलंय.

तर झालं असं. आमच्याकडे समुपदेशन केंद्र आहे. झोप उडाली, मनाचं काही बिनसलं, की मुलं तिथे जातात. कर्मचारीही जातात, गुपचूप. तिथल्या सगळ्या नोंदी एका कंपनीला द्यायचं वर ठरलं. संशोधनासाठी म्हणे! हिनं हरकत घेतली, तर केंद्राचे संचालक हसले.

"अहो, नावं काढलीत ना! मग कसली भीती?"

"नाव नसलं तरी माणूस ओळखता येतो, सर."

"मग दाखवा की करून."

आता हिच्यासारखं संशोधन करणाऱ्यांच्या कामाची एक रीत आहे. कुलूप कच्चं आहे हे दाखवायचं, पण दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. प्रयोग करायचा तो स्वतःवर. आणि ही बया रीतीची पक्की. मी म्हटलं, "अगं, त्यांच्यातलाच एखादा काढ शोधून, बसतील गप्प." तर माझ्यावरच डोळे वटारले.

बैठकीत तिनं कंपनीला द्यायची ती बिननावाची फाइल पडद्यावर लावली. विभाग टाकला, जन्मवर्ष टाकलं. विभागाच्या वेबसाइटवर रजा जाहीर होतात, त्यावरून केंद्रात येण्याचा महिना ताडून टाकला. भलीमोठी यादी आटत आटत एका ओळीवर आली.

"ही मी," ती म्हणाली. "वडील गेल्यावर मी तिथे जात होते. गोळ्या चालू होत्या. कुठल्या, तेही इथे आहे. माझ्या घरीसुद्धा हे कुणाला ठाऊक नाही. अशीच एकेका मुलाची ओळ निघेल, सर."

रोज शेजारी बसून मला पत्ता नव्हता!

आणि त्या शहाण्यांनी काय करावं? एकानं चष्मा वर सरकवून गोळ्यांचं नाव वाचलं. मोठ्यानं! दुसऱ्यानं शेजाऱ्याच्या कानाला लागून हसू दाबलं. संचालक तर अगदी मधाळ आवाजात, "आता बरं वाटतंय ना, मॅडम? परीक्षेचं काम झेपतंय ना?" शी! कसली ही माणसं!

"मुलांचं बोला!" मी ओरडले.

"बोलू, बोलू," म्हणत त्यांनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली.

पुढच्या आठवड्यात तिला मेल आला. तिनं वाचला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. 'आपल्या तक्रारीची दखल घेऊन आपली नोंद फाइलमधून वगळण्यात आली आहे. उर्वरित फाइल आज कंपनीकडे सुपूर्द केली. सहकार्याबद्दल आभार.'

मी संचालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तोही दार उघडं ठेवून. ऐकू दे सगळ्यांना! तिनं उठून दार लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना वाटलं, मी माझ्यासाठी भांडत होते गं."