निरंक लिहिलेली वाडी

विचुंब्याहून निघताना रेवा भलतीच खुशीत होती. रेवा म्हणजे माझी नात. पाऊस, नदी, भरती आणि माणसं यांच्या नोंदी एकत्र करून ती संगणकाला पूर ओळखायला शिकवते. आपट्याच्या बाजूच्या जुन्या पूरपाहणीचे कागद तिला मिळाले, आणि खाली सही माझी! "आजी, तुझा डेटा माझ्या मॉडेलमध्ये!" असं तिने सोसायटीभर सांगितलं, आणि आता ती मला माझीच गावं दाखवायला नेत होती. मी पोट दुखत असल्याचं सांगून पाहिलं. चाललं नाही.

पनवेलच्या स्टँडवर वडापाव घेतले आणि एसटीत खिडकी पकडली. पळस्पे मागे पडलं तशी रेवा समजावू लागली, "वरून पाऊस, खालून खाडीची भरती, मध्ये वीटभट्ट्यांसाठी खणलेला काठ. सगळं एकमेकांत गुंतलेलं. म्हणून जुन्या नोंदी लागतात."

"नोंद चुकली असेल तर?"

"एखादी चुकली तर बाकीच्या सावरून घेतात."

"एखादी," मी म्हटलं आणि तोंडात मिरची कोंबली.

तुम्हाला सांगून टाकते. नदीपलीकडच्या कातकरी वाडीपुढे मी 'निरंक' लिहिलं होतं. माणसं निरंक, पुराची पातळी निरंक. त्यामुळे पाणी वाढणार असं दिसताच ज्या वस्त्यांना आधी फोन जाणार, त्या यादीत ही वाडी नव्हती. आणि पाऊस आठ-दहा दिवसांवर आला होता.

आपट्याला उतरलो. पाताळगंगा तेव्हासारखीच संथ. रेवा घाटावर फोटो काढू लागली. मी म्हटलं, "पलीकडे चल."

"पलीकडे तर कुणीच नाही ना? तूच लिहिलंयस."

"म्हणूनच चल."

आता पूल आहे. तेव्हा नदी ओलांडायला होडी होती, आणि काठावर उभी होती एक चोवीस वर्षांची ठमाबाई, म्हणजे मीच: नायलॉनची साडी, हातात फॉर्मची फळी, पायांत कोऱ्या पांढऱ्या सँडल. होडीत घोटाभर पाणी. बाईसाहेबांनी नाक मुरडलं आणि चहावाल्याला विचारलं, "पलीकडे कोण राहतं?" तो म्हणाला, "कोन नाय आता. समदी भट्टीवर गेलीत." दिवाळीनंतर वाडीच्या वाडी विटा पाडायला जाते, पावसाआधी परतते. 'आता' हा शब्द त्याने स्पष्ट उच्चारला होता. ठमाबाईने तो ऐकलाही होता. मग तिने तिथेच बाकावर बसून वाडी कागदावरून पुसली आणि वर चहा प्यायली.

पुलापलीकडच्या उतारावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उशीर केलास गं बाई, असं तिला मनात म्हटलं आणि अनवाणीच निघाले.

वाडी भरलेली होती. माणसं भट्टीवरून नुकतीच परतली होती, झोपड्या शाकारत होती. माझ्याच वयाच्या सोमीबायने पायाला लावायला हळद दिली. पुराचं विचारताच ती आम्हाला चिंचेपाशी घेऊन गेली. खोडावर कोयत्याच्या खाचा होत्या, काही गुडघ्याएवढ्या, काही माझ्या डोक्याच्याही वर.

"पानी उतारला का चिखलाच्या रेघेवर खाच मारायची. ज्याच्या घरात पानी पयलं शिरलं, त्यानंच मारायची," सोमीबाय म्हणाली. "ही माज्या सासऱ्याची. ही माजी. ही पन माजी."

रेवा खोडाला हात लावून उभी राहिली. "म्हणजे पाणी किती आलं तेही कळतं आणि कुठून आलं तेही! आजी, हे तुला कुणी सांगितलं नाही?"

मी सांगितलं. सँडलसकट सगळं, दोघींसमोर.

सोमीबाय माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुज्या चपला सुक्या ऱ्हायल्या ना, बाय? बरा झाला. आमची चूल तेवडी भिजली."

"चुकले मी."

"चुकलीस तर खरीच. आता बस. भाकर खाल्ल्याबिगर जायाचा नाय."

तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. लाजेने घास उतरला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. तोवर रेवाने प्रत्येक खाच मापली, घराघरांतले फोन नंबर घेतले आणि सोमीबायचा सगळ्यात वर लिहिला.

परतीच्या एसटीत तिने मोबाइलवर माझे जुने कागद उघडले. "आजी, अजून बऱ्याच ठिकाणी निरंक आहे. यातलं खरं कुठलं?"

मी एकेक नाव वाचलं. काही ठिकाणी खरंच गेले होते. कुठे, ते काही केल्या आठवेना. अक्षर सगळीकडे तेच, टपोरं, सुबक.

"नाही सांगता येत गं."

पनवेल येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. रात्री जेवताना तिने सांगितलं, माझी सही असलेले सगळे कागद मॉडेलमधून काढले. खऱ्या नोंदीसुद्धा. वाडी यादीत आली आहे. सोसायटीत कुणी विचारलं तर काय सांगू, असं तिने हळूच विचारलं.

"सांग, आजीपेक्षा चिंच बरी निघाली," मी म्हटलं. ती हसली नाही. मीही नाही.